ब्रायडल पॅकेज 22 हजार: साडीला पाच स्टार, चेहऱ्याला एक

गणपतीत, चवथीला घरी माणसं जमली की दुपारी जेवणं झाल्यावर कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचा अल्बम निघतोच, यंदा माझा निघाला. मे मध्ये लग्न झालं, फोटोग्राफरने रडतखडत चवथीच्या आधी अल्बम दिला, आणि घरातल्या बायकांनी तो मधोमध ठेवून जी काय चर्चा केली ती ऐकल्यावर म्हटलं की इतके महिने लिहू लिहू म्हणतेय ते आता लिहूनच टाकू.

तर हा रिव्ह्यू एका पार्लरच्या ब्रायडल पॅकेजचा. पार्लरचं नाव देत नाहीये, का ते पुढे कळेल. सिंधुदुर्गातलं आहे, पहिल्या मजल्यावर, एसी आहे, इन्स्टावर रील्सचा पाऊस आहे आणि मे महिन्याच्या तारखा डिसेंबरातच भरतात. ओळखायच्या भानगडीत पडू नका, ह्या वर्णनात बसणारी पाच तरी पार्लरं मलाच माहितीयेत. आपापल्या गावातल्या पार्लरला हेच लावून बघा, फार खाडाखोड करावी लागणार नाही.

पॅकेज 22 हजारांचं, त्यात दीड महिना आधीपासून तीन सिटिंग, त्यात क्लीनअप फेशियल डी-टॅन ब्लीच वॅक्सिंग बॉडी पॉलिशिंग सगळं, हळदीचा साधा मेकअप, लग्नाचा एचडी मेकअप, हेअरस्टाइल, साडी नेसवणे दोनदा. रिसेप्शन वेगळं, 6 हजार. नवरदेवाचा टचअप 1500, तो मी घासाघीस करून फुकट करून घेतला. अॅडव्हान्स 5 हजार, जीपे चालतं.

गेलात तर आधी रेटकार्ड बघा. काउंटरवर लॅमिनेट केलेलं मोठं कार्ड आहे, त्यात तिसऱ्या ओळीत 'ग्लो फेशियल 900' लिहिलंय. पण त्यातला 'ग्लो' हा स्टिकर आहे, वेगळ्या फॉन्टमधला, एक कोपरा उचललेला. माझा नंबर यायला वेळ होता म्हणून मी नखाने तो कोपरा आणखी थोडा वर केला (वाईट सवय आहे, आई लहानपणापासून हातावर मारते) तर खाली 'फेअरनेस'. किंमत तीच. आता ह्यात एकट्या पार्लरवालीला काय बोलायचं म्हणा, 1975 पासून विकली जाणारी ती ट्यूब, जी आमच्या आईच्या कपाटात, काकीच्या कपाटात, मुंबईला जाणाऱ्या आत्येच्या पर्समध्ये असायचीच असायची, तिनेसुद्धा 2020 मध्ये हेच केलं. फेअर अँड लव्हलीची ग्लो अँड लव्हली झाली. त्याच सुमारास शादी डॉट कॉमनेपण स्थळ शोधताना जोडीदाराचा रंग निवडायची सोय काढून टाकली, लोकांनी फार आरडाओरडा केला म्हणून.

पण आमच्याकडे बायोडेटा वेबसाइटवर नसतोच मुळी, तो मामाच्या व्हॉट्सअपवर असतो. वरती गणपतीचं चित्र, मग नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची आणि मग 'रंग'. मामाने टाइप केलं, निमगोरा. हा निमगोरा शब्द ज्याने कुणी काढला त्याला माझा साष्टांग नमस्कार, अर्धी तर अर्धी पण गोरी म्हणाच. मी म्हटलं मामा, सावळी लिही, सरळ आहे. तो म्हणाला तसं लिहिलं तर लोक त्याच्याही खालचं समजतात. म्हणजे गोरी लिहिली की निमगोरी समजायची, निमगोरी लिहिली की गव्हाळ, गव्हाळ लिहिली की सावळी, आणि सावळी लिहिली की काय ते कोण तोंडाने बोलत नाही. शेवटी तडजोड झाली, 'गव्हाळ'. मी कृषी सहाय्यक आहे हो, कोकणात कुठे आलाय गहू? आमच्याकडे भात होतो, नाचणी होते. त्या हिशोबाने माझा रंग नाचणीचा, तो लिहा. कोणी हसलं नाही.

नवऱ्याचा बायोडेटा आला त्यात रंगाचा रकानाच नव्हता. पगार होता, देवगडला हापूसची कलमं किती ते होतं. रंगाने तो माझ्याहून दोन पायऱ्या खालीच आहे आणि दिसायला मस्त आहे, ते असो. त्याच्या लांबच्या एका काकीने मला बघून गेल्यावर निरोप पाठवला होता, "चेडू नाकाडोळ्यान बरां आसा, रंगान तेवढां कमी." (चेडू म्हणजे मुलगी.) तेवढां कमी. बाजारात वजन करताना बांगडे कमी भरावेत तसं.

बरं, आता पार्लर.

पहिलं सिटिंग. मालकीणबाई, त्यांना सगळे मॅडम म्हणतात, स्वभावाने गोड आहेत, पाणी विचारतात, चहा विचारतात. खुर्चीत बसल्या बसल्या माझा चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला आणि म्हणाल्या, "ताई, टॅन खूप आहे हो, पण निघेल, टेन्शन नाही घ्यायचं." मी दिवसभर स्कूटीवर असते, काजूच्या बागा, भाताचे पंचनामे, त्यामुळे टॅन आहे हे खरंच, घड्याळाचा पट्टा काढला की खाली फिकट पट्टी दिसते. पण तेवढंच. मी बाही वर करून दंडाची आतली बाजू दाखवली, जिथे ऊन कधी पोचलेलं नाही. तीही नाचणीच. म्हटलं मॅडम, ह्याच्यावर काय निघणार? त्यांनी दंड बघितला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "होईल, तीन सिटिंगमध्ये दोन शेड वर जाणार बघा तुम्ही." जणू मी एसटीत मागच्या सीटवर बसलेय आणि पुढे जागा झालीये.

फेशियल छान. खरंच छान, मसाज करणारीचा हात हलका होता, मला झोप लागली. वॅक्सिंग व्यवस्थित, भाजलं वगैरे नाही. पेडिक्युअरलाही तक्रार नाही, फक्त टाचांच्या भेगांना त्यांनी 350 ची कुठलीशी फूटक्रीम घ्यायला लावली, घरी मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा पडलेला असताना, ते माझंच चुकलं.

ब्लीचबद्दल मात्र सांगते कारण बऱ्याच जणींना हे माहीत नसतं आणि मलाही नव्हतं. ब्लीचने कातडीचा रंग जात नाही, चेहऱ्यावरची लव फिकट होते. गोऱ्या कातडीवर फिकट लव दिसत नाही म्हणून चेहरा उजळ वाटतो. सावळ्या कातडीवर ती सोनेरी लव उन्हात मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखी चमकते. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर एक म्हातारे बागायतदार माझ्या गालाकडे बघत राहिले, विचारतील तरी काय बिचारे.

दुसऱ्या सिटिंगला डबी मिळाली. ही डबी ह्या रिव्ह्यूचं मुख्य कारण आहे म्हणून नीट सांगते. पांढरी प्लॅस्टिकची, सोनाराकडे नथ ठेवून देतात ना तेवढीच, निळं झाकण. आत पिवळसर क्रीम. वर लेबल नाही. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, घटक नाहीत, काही नाही. "मुंबईहून येतं, आमच्या सगळ्या नवऱ्या लावतात, रात्री मटारएवढं." 600 रुपये. मला स्वतःची गंमत अशी वाटते की खताच्या दुकानात बिनलेबलाची गोण दिसली असती तर मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला असता. आणि तोंडाला लावायची बिनलेबलाची डबी निमूट पर्समध्ये टाकली.

आणि लागू पडली. खोटं कशाला सांगू, दहा-बारा दिवसांत फरक दिसला. पुरळ गेलं, गाल गुळगुळीत झाले आणि रंग, हो, उजळला. ऑफिसात एकजण म्हणाली लग्नाचं तेज आलं. बाजारात ओळखीच्या कोळणीने कापं करता करता वर बघून म्हटलं, "काय गो, गोरी झालंस!" मला आवडलं. लिहायला लाज वाटतेय पण आवडलं, आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहायला लागले, त्याआधी इतकी वर्षं मी सगळ्यांना रंगावरून लेक्चर देत होते तरी. डबी संपत आली तेव्हा दुसरी घेतली.

लग्नाचा दिवस. मुहूर्त 11 वाजून 52 मिनिटांचा, पार्लरला पहाटे पाचला हजर. आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप चांगलं आहे. साडी. नऊवारी 25 मिनिटांत नेसवली, मोजून चार पिना, आणि ती साडी अक्षता, सप्तपदी, जेवण, नाव घेणं, पाया पडणं सगळ्यातून संध्याकाळी सहापर्यंत जशीच्या तशी, काष्टा ढळला नाही की पदर सरकला नाही. केस पण. मोगरा आणि अबोलीची वेणी अशी बसवली होती की मे महिन्यातल्या पत्र्याच्या मंडपात, मधे वीस मिनिटं लाइट गेलेली असतानासुद्धा, एक बट बाहेर आली नाही. ह्या दोन गोष्टींसाठी पाच स्टार, मागेल तेवढे.

मग चेहरा. एकावर एक काय काय लावलं ते मला सगळं आठवत नाही, पण पहिला थर गुलाबीसर पांढरा होता एवढं नक्की. मी म्हटलं मॅडम, जरा लाइट होतंय का? "ताई, कॅमेऱ्यात ते डार्क येतं, तुम्ही डोळे मिटा." मिटले. उघडले तेव्हा आरशात कोणीतरी होतं. नाक माझं होतं. गळ्यालाही लावलं होतं, हातांना कोपरापर्यंत लावलं होतं, त्यामुळे हिरव्या चुड्यावर पांढरे डाग पडले होते, आणि कान राहिले होते. दोन नाचणीचे कान, मधे तांदळाची भाकरी.

हॉलवर पोचले तेव्हा आजी पुढेच खुर्ची टाकून बसली होती. 84 वर्षांची आहे, नजर जरा अधू. मी वाकून नमस्कार केला तर तिने आशीर्वाद दिला आणि शेजारच्या आत्येला विचारलं, "ह्यां कोणाचां चेडू? आमचां खंय ऱ्हवलां?" सगळे खो खो हसले, मी पण हसले. अंतरपाटामागे उभी होते तेव्हा मात्र तेच डोक्यात.

आणि मग घाम. कोकणातल्या मे महिन्यातला घाम ह्या धंद्यातल्या कुठल्याच कंपनीने मोजलेला नाही. होमासमोर बसल्यावर मुंडावळ्यांच्या खालून दोन ओहोळ निघाले आणि पांढऱ्यातून खालची नाचणी वर आली, बांध फुटल्यासारखी. टचअपवाल्या मुलीने टिपून टिपून वर पावडर मारली. नवऱ्याला त्याच मंडपात वीस मिनिटांत नुसतं पावडर आणि कंगवा, तो शेवटपर्यंत फ्रेश.

फोटोत काय झालं ते आता थोडं शिकून घेतलंय म्हणून सांगते. सावळ्या कातडीत पिवळा, तांबूस असा उबदार रंग असतो, त्यावर गुलाबी-पांढरा बेस मारला की दोन्ही मिळून गोरं दिसत नाही, राखाडी दिसतं. चुलीतल्या राखेसारखं. वर फ्लॅश पडला की काही पावडरी आणि सनस्क्रीनवाले बेस तो उलटा फेकतात, मग आणखी पांढरं. एचडी मेकअप म्हणजे गोरा मेकअप नव्हे, एचडी म्हणजे जवळच्या कॅमेऱ्यात थर दिसू नये असा बारीक मेकअप, पण आमच्याकडे एचडी म्हटलं की बायका समजतात महागातलं गोरं. त्यात फोटोग्राफरने अल्बम करताना न विचारता मला आणखी एकदा उजळवलंय. नवऱ्याला नाही. एका फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे आहोत तिथे मी ट्यूबलाइट आणि तो माणूस, असं दिसतं.

दोन दिवसांनी देवगडला रिसेप्शन. मॅडमना त्या दिवशी दुसरी मोठी ऑर्डर होती म्हणून त्यांनी हाताखालच्या मुलीला पाठवलं. मला राग आला होता खरं तर, 6 हजार घेऊन असिस्टंट पाठवतात म्हणजे काय. मुलगी वीस-बावीसची, स्वतः चांगली सावळी, आणि स्वतःच्या चेहऱ्यावर तिने तोच पांढरा थर मारलेला, कान तसेच. दार लोटून घेतलं, बॅग उघडली आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्याच रंगाचा करू काय? की मॅडमनी सांगितल्यान तसा?"

मॅडमनी काय सांगितलंय ते मी विचारलं नाही. म्हटलं माझ्या रंगाचा कर.

तिने मला उठवून खिडकीपाशी नेलं, ट्यूब बंद केली. दोन तपकिरी स्टिक काढल्या, एक जवळजवळ नवीच होती, म्हणाली ही कोण वापरत नाही. हाताच्या मागच्या बाजूला दोन्ही घासून बोटाने कालवल्या, मधे पिवळं काहीतरी टिकलीएवढं घातलं, ते मिश्रण अगदी नाचणीच्या आंबिलीसारखं दिसत होतं. ते तिने गालाला लावलं नाही, जबड्याच्या कडेला लावलं, जिथे चेहरा संपून गळा सुरू होतो, आणि चक्क थांबली. पाच-सात मिनिटं. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाली हवा लागली की हे थोडं काळपट होतं, मग खरा रंग कळतो. मग परत थोडं पिवळं. जबड्यावरचा पट्टा दिसेनासा झाला तेव्हा म्हणाली, हां. पूर्ण मेकअप पाऊण तासात, अर्धा थर. डोळे नीट केले, ओठाला गडद मरून, मॅडमच्या मते सावळ्या लोकांनी लावायचा नसतो तो. डाळिंबी रंगाची साडी होती, साडीच्या दुकानातला माणूस 'हा कलर तुमच्या अंगावर उठणार नाही' म्हणाला होता ती. उठला.

जाताना म्हणाली, मॅडमना नको सांगू हां ताई. म्हणून नाव लिहीत नाहीये.

तिला मी विचारलं होतं की तू स्वतःला का असं करतेस मग. तर म्हणाली पार्लरमध्ये असंच बसायला लागतं, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं ह्यांच्या क्रीमने ह्यांचीच मुलगी उजळली नाही.

आता डबी. दुसरी डबी लग्नानंतर संपली, गडबडीत तिसरी आणायची राहिली. आठवडाभरात चेहरा पेटला. लाल, तापलेला, स्कूटीवरून उन्हात गेलं की कोणी मिरचीचं पाणी मारल्यासारखं, हनुवटीवर पुरळ, आणि गालांवर बारीक केस जे आधी नव्हते. म्हापशाला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न, "कुठलं क्रीम बंद केलंत?" कुठलं लावता नाही, कुठलं बंद केलंत. डबी दाखवली. तपासल्याशिवाय आत काय आहे ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही म्हणाल्या, पण ज्या तऱ्हेने झालंय ती सगळी स्टिरॉइडची लक्षणं. स्टिरॉइडने पहिले काही दिवस कातडी उजळ, गुळगुळीत दिसते, पुढे पातळ होते, आणि बंद केलं की सूड घेते. ह्या आजाराला डॉक्टर लोकांत नावसुद्धा आहे, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं, एवढ्या केसेस येतात. 2011 मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत देशातल्या 12 ठिकाणच्या स्किन ओपीडीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले 2926 जण तपासले, त्यात 433 जण असं काहीतरी लावणारे निघाले. 2018 मध्ये सरकारने 14 प्रकारची स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण मनाई ट्यूबला. डबीला कुठली चिठ्ठी.

पारा नसला म्हणजे मिळवलं, असंही त्या म्हणाल्या. तोंडाला लावायच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे, चुकून येणारा अंशसुद्धा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो, तरी अशा डब्यांत सापडतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात किडनीच्या डॉक्टरांना 2021 ते 2023 मध्ये एका ठराविक किडनीच्या आजाराचे 22 पेशंट मिळाले, त्यातल्या 15 जणांत एक विशिष्ट खूण सापडली, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं होण्याची क्रीमं लावत होते. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. मी त्याच दिवशी लघवी तपासून घेतली, नॉर्मल आली, तोपर्यंत जेवण गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मग सावळी कातडी गोरी होते का कशानेच? त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाल्या रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या बाईत आणि तुझ्यात जवळपास सारख्याच असतात, तुझ्या पेशी काम जास्त करतात एवढंच. आणि उन्हात फिरणाऱ्या बाईला तो रंग छत्रीसारखा आहे, फाडायला बघू नकोस. औषध काय, तर साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि तीन महिने धीर. एकूण खर्च 4200. पॅकेजमध्ये धरला तर 26 हजार 200, रिसेप्शन आणि दोन डब्या वेगळ्या.

चेहरा जरा निवल्यावर पार्लरमध्ये गेले भांडायला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. डबीचं म्हणाल्या, कोणाला काही झालं नाही, तुमची स्किन सेन्सिटिव्ह. पैसे परत नाही, पण पुढच्या सर्व्हिसमध्ये 1000 वळते करू. मग मी मेकअपवर आले, म्हटलं मी सांगत होते लाइट होतोय, माझ्या लग्नात माझ्याच चेहऱ्यावर तुम्ही दुसरीचा चेहरा काढलात. तर त्यांनी मोबाइल काढला आणि एक व्हॉइस मेसेज लावला. आईचा आवाज. लग्नाच्या आदल्या रात्रीचा. "मॅडम, चेडवाक तेवढां जरा उजळ करा हां. सासरची माणसां सगळी येतली. फोटोत बरां दिसाक व्हयां."

मॅडम म्हणाल्या, ताई, मी माझ्या मनाने काही करत नाही. दहातल्या नऊ आयांचा असा मेसेज असतो. मी नवरीच्या रंगाचा केला आणि बाहेर जाऊन कोणी नावं ठेवली तर पुढच्या वर्षीची बुकिंग जातात. ह्यावर मला काही बोलता आलं नाही. जाहिरातवाल्यांच्या मंडळाने 2014 मध्येच नियम केलाय की सावळ्या माणसाला जाहिरातीत दुःखी, लग्न न जमणारं, नोकरी न मिळणारं असं दाखवायचं नाही. आता हा नियम आदल्या रात्रीच्या व्हॉइस मेसेजला कोण लावणार.

आईला मी काही बोलले नाही. तिच्या वेळी सात स्थळं परत गेली होती, आजी अजून बोटं मोडून गावांसकट सांगते.

तर चवथीला अल्बम मधे ठेवून जे मतदान झालं ते असं. लग्नाचे फोटो, आत्ये, दोन काक्या, मामी सगळ्यांना पसंत, "ह्यात किती गोरी दिसलंस!" रिसेप्शनच्या फोटोवर, "साडी बरी आसा." चुलत बहीण, अकरावीतली, ती रिसेप्शनच्या फोटोवर खूप वेळ थांबली, मेकअप कोणी केला ते हळूच विचारलं. ती पण नाचणीच आहे. आजीला फोटो दिसत नाहीत. हॉलमध्ये आईने फ्रेम लावलीये ती लग्नाच्या दिवसाची, कान नेमके वेणीमागे गेलेत त्यामुळे बरी आलीये म्हणायची.

कुठल्याही पार्लरला जाणाऱ्यांसाठी, माझं ऐकणार असाल तर. ट्रायल मागा आणि ती दिवसाउजेडी, खिडकीपाशी करा, बेस जबड्यापाशी लावून दहा मिनिटं थांबा. बिनलेबलाची डबी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि आदल्या रात्री आईचा फोन काढून ठेवा. साडी आणि केसांसाठी ह्या पार्लरला डोळे झाकून जा, डोळे झाकायचे ते तेवढ्यासाठीच.

एकूण अडीच स्टार.

मी अजून जाते का? जाते, ते 1000 फेडून घ्यायचेत. थ्रेडिंग 40 रुपये, एक नंबर करतात. गेल्या आठवड्यात गेले तेव्हा मॅडमनी हनुवटीला बोट लावून चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला, "ताई, परत टॅन झाला हो, डी-टॅन करून टाकू? तुमच्यातूनच वळते करते." मी नको म्हटलं. भुवया आणि वरचा ओठ करून घेतला, 40 आणि 30 त्यातून वळते झाले, 930 राहिले.